फिरता आजार

सुरतेच्या नवागाम वस्तीतल्या बायका तिला तुरीबेन म्हणत. लिहिताना तिच्या नावाच्या शेवटी एक 'ड' यायचा, पण तो बोलायचा नसतो, असं तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं. उरलेलं नाव ऐकून सगळी गल्ली हसली. उषाबाई म्हणाली, "डाळीचं नाव ठेवलंय हो हिच्या आईनं!" चंचलने ते इंग्रजीत सांगितलं, तेव्हा तुरी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली, आणि तेव्हापासून ती गल्लीचीच झाली.

प्लेगच्या धास्तीने सुरत रिकामी होऊन पुन्हा भरली, त्यानंतरचं हे. त्या वर्षा-दोन वर्षांत बाहेरच्या देशांतल्या बऱ्याच संस्था शहरात आल्या. तुरी त्यांतल्याच एकीची. नॉर्वेची नर्स, चाळिशीची, उंच, उन्हाने नाक कायम सोललेलं. लहान मुलांचे जुलाब का थांबत नाहीत ते शोधायचं आणि मीठ-साखरेचं पाणी घरोघर पोचवायचं, हे तिचं काम. त्यासाठीच्या केंद्राला खोली कांतिभाईंनी फुकट दिली होती. गल्लीतले सगळे प्लॉट कांतिभाईंनीच विकले होते, आणि नळाची लाइनही त्यांनीच टाकून दिली होती.

चंचल दुभाषी. तिचे वडील शालिग्राम अमळनेरकडून सुरतेला आले आणि लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागांवर, लागले. यंत्रांच्या खडखडाटाने त्यांचे कान अर्धे गेले होते. आई धुरपदाबाई घरी साड्यांना टिकल्या लावायची. चंचल मराठी शाळेत शिकली, कॉलेज गुजरातीत केलं, आणि उधन्याच्या एका क्लासात हट्टाने इंग्रजी शिकली. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तिला बऱ्यापैकी नोकरी होती. ती सोडून ती तुरीकडे आली, तेव्हा थोरला भाऊ गजेंद्र म्हणाला होता, "हगवणीचं भाषांतर करायला कोणी नोकरी सोडतं का?"

पण काम खरोखर तेच होतं. बायका अहिराणीत सांगायच्या, चंचल इंग्रजीत करायची, आणि तुरी तिच्या देशातल्या लोकांसाठी नॉर्वेजियनमध्ये. बायकांकडे या एका दुखण्याला किती शब्द होते! हगवण, झाडा, ढाळ, पोट सुटणं, आव पडणं. कोणता कधी वापरायचा हे प्रत्येकीला नेमकं ठाऊक. चंचलला इंग्रजीत शोधावं लागे: डायरिया, लूज मोशन, गॅस्ट्रो, अपसेट स्टमक. मग दुपारी केंद्रात पंख्याखाली बसून दोघी पुढच्या पायरीवर यायच्या.

"लूज मोशनला तुमच्यात काय म्हणतात?"

"ल्योस मागे. ल्योस म्हणजे सैल. मागे म्हणजे पोट."

"मागे म्हणजे पोट?" चंचल हसता हसता भिंतीला टेकली. "अगं, आमच्यात मागे म्हणजे पाठीकडे!"

"मग फार चुकीचं नाही," तुरी म्हणाली.

डायरियाला दियारे, हे सोपं. पाण्याला वान, हे ऐकून चंचलला संक्रांत आठवली. साबणाला सोपे, हातांना हेन्नेर. गॅस्ट्रोपाशी मात्र तुरी थांबायची. तिच्या देशात त्यासाठी रोजचा एक शब्द होता: ओमगांगस्यूके. तो चंचलच्या जिभेवर बसेना.

"ओमगांग म्हणजे फेरी," तुरीने समजावलं. "फिरता आजार. थंडीत बालवाडीतलं एक मूल आजारी पडतं, त्याच्याकडून दुसरं, त्याच्याकडून घरचे. हात नीट धुतले नाहीत की होतो. दोन दिवस उलट्या-जुलाब, मग बरं. सगळ्यांना होतो, कोणी घाबरत नाही."

"मग आमच्याकडचा तो नव्हे," चंचल म्हणाली. "इथे एका घरातून दुसऱ्या घरात जात नाही. सगळ्यांकडे एकदमच येतो. नळातून."

"बरोबर," तुरी म्हणाली. "म्हणून हा शब्द इथे वापरायचा नाही. आपण दियारे लिहू, आणि पाण्याबद्दल वेगळं सांगू."

चंचलला ते फार आवडलं. एक शब्द चुकू नये म्हणून इतका विचार करणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात शेठ म्हणायचा, लिही काहीतरी, वाचतंय कोण.

पावसाळा संपता संपता तुरी स्वतःच आजारी पडली. गल्लीत कोणाच्या तरी घरी तिने संकोचाने पाणी प्यायलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला उभं राहवेना. चंचलने तिला रिक्षातून आपल्या घरी आणलं. एकच खोली, शालिग्राम आणि गजेंद्र बाहेर ओटल्यावर झोपायला गेले. धुरपदाबाई म्हणाली, "मी देस तिले पेज," आणि तांदळाची पेज करून लहान मुलासारखी चमच्याने भरवली. तुरीचे भरलेले कपडे चंचलने धुतले. तुरी शरमेने रडली, तेव्हा धुरपदाबाईने तिच्या सोललेल्या नाकाला खोबरेल तेल लावलं.

बरी झाल्यावर तुरी चंचलबरोबर नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेली आणि आईला फोन लावला. काचेच्या दारातून चंचलला तिचं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. 'वाने', म्हणजे 'ते पाणी', हा शब्द दोन-तीनदा आला.

"काय सांगितलंस?" बाहेर आल्यावर चंचलने विचारलं.

"आई म्हणाली, कोणाकडून लागण झाली असेल. मी म्हटलं, नाही, इथलं पाणी खराब आहे." मग चंचलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि सांगितलं, इथे मला एक बहीण मिळाली."

गल्लीच्या टोकाला सुंदरा राहायची. तिचा दोन वर्षांचा किसना उन्हाळ्यात गेला होता. ती कोणाशी बोलायची नाही. तुरी दोनदा तिच्या दारावरून परत आली. मग चंचल एकटी गेली, तिच्याबरोबर शेंगा सोलत बसली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "काकी, तुम्ही सांगितलं तर हे तिच्या देशापर्यंत जाईल. ती बाई शब्द बदलत नाही. मी बघितलंय."

सुंदराने विचारलं, "तू राहशी ना जोडे?"

"मी असेन. तुमचा प्रत्येक शब्द माझ्या तोंडून जाईल."

मग सुंदराने सांगितलं. नळाची लाइन उघड्या गटारातून नेलीय. तिच्या दारासमोरच सांधा कुजलाय. पाणी बंद असतं तेव्हा गटार पाइपात शिरतं. "पहिले कायं पानी येस, मंग पिवयं. तेच पेवानं." किसनाने तेच प्यायलं. तिच्या नवऱ्याने कांतिभाईंना सांधा दाखवला होता. ते म्हणाले, पटत नसेल तर प्लॉट परत करा. तुरीने सगळं ऐकलं, सांधा डोळ्यांनी बघितला, आणि सुंदराचे दोन्ही हात हातात धरून बराच वेळ बसून राहिली.

जानेवारीत नॉर्वेहून पाहुणे आले: संस्थेच्या अध्यक्षीणबाई, पांढऱ्या केसांच्या, एक गृहस्थ, आणि फोटो काढणारी एक मुलगी. कांतिभाईंनी केंद्रापुढे मांडव घातला, झेंडूचे हार आणले. गल्लीतल्या बायका नव्या साड्या नेसून सतरंजीवर बसल्या. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर, पाहुण्यांच्या शेजारी, कांतिभाई.

त्यांना पाहून सुंदरा कचरली. चंचलने तिचा हात दाबला. "आज नाही सांगितलं तर कधी सांगणार? ते इतक्या लांबून ऐकायला आलेत."

तुरी चंचलच्या जवळ येऊन म्हणाली, "अध्यक्षीणबाईंना इंग्रजी कमी समजतं. तू मला हळू आवाजात सांग, मी मोठ्याने आमच्या भाषेत सांगते."

सुंदरा उभी राहिली. पदर डोक्यावरून पुढे ओढून, नजर चंचलवर ठेवून ती बोलू लागली. नळ, गटार, सांधा, काळं पाणी. किसनाचं नाव घेतलं तेव्हा तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. कांतिभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गोठलं. पलीकडच्या माणसाला त्यांनी हळूच विचारलं, "शुं बोले छे आ?" विचारलं खरं, पण त्यांना सगळं कळत होतं.

चंचलने एकही शब्द न गाळता सगळं तुरीच्या कानाशी इंग्रजीत सांगितलं. डायरिया. गटाराचं पाणी. फुटकी लाइन.

तुरीने पाहुण्यांकडे तोंड केलं आणि बोलायला सुरुवात केली. आवाज मऊ, दुःखी. चंचल ऐकत होती. पूर्ण वाक्यं तिला कळत नव्हती, पण गेल्या वर्षभरात वेचलेले शब्द कळत होते. ती 'वान' येण्याची वाट पाहत होती. तो आला नाही. आलं ते ओमगांगस्यूके. मग हेन्नेर. मग सोपे. मग पुन्हा ओमगांगस्यूके.

चंचलला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. पण अध्यक्षीणबाई मान डोलावत होत्या, आणि दोन्ही हात एकमेकांवर चोळून शेजारच्या गृहस्थाला दाखवत होत्या, लहान मुलांना हात धुवायला शिकवतात तसं. सुंदरा अजून उभीच होती. पाहुण्यांच्या माना हलताना पाहून तिला वाटत होतं, आपलं बोलणं पोचलं.

चंचल उभी राहिली. ती मोठ्याने म्हणाली, "दे आर इक्के ओमगांगस्यूके. दे आर वाने." हा फिरता आजार नाही. हे पाणी आहे.

मग अध्यक्षीणबाईंचा चेहरा एकदम फुलला. त्यांनी टाळी वाजवली. फोटोवाली मुलगी धावत आली. चंचल नॉर्वेजियन बोलते! गृहस्थही हसून टाळ्या वाजवू लागले, आणि ते पाहून सतरंजीवरच्या बायकांनीही वाजवल्या. चंचलने पुन्हा 'वाने' म्हटलं, बाहेर गटाराकडे बोट दाखवलं. तेवढ्यात तुरीने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि पाहुण्यांना हसून एक लहानसं वाक्य सांगितलं. पाहुण्यांनी "आऽ" करून कौतुकाने माना हलवल्या. अध्यक्षीणबाईंनी चंचलचा गाल थोपटला. मग कांतिभाईंनी सगळ्यांना नाश्त्याला उठवलं.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर चंचलने केंद्राचं दार लावून घेतलं.

"तू त्यांना काय सांगितलंस?"

तुरी टेबलावरचे पेले गोळा करत होती. "जे सांगता येण्यासारखं होतं ते."

"सुंदराचं नाही सांगितलंस."

"ऐक." तुरी खाली बसली. "ही खोली कांतिभाईंची आहे. त्यांच्या तोंडावर मी त्यांच्या लाइनचा विषय काढला असता, तर उद्या या दाराला कुलूप लागलं असतं. मग मीठ-साखरेचं पाणी कोण देणार? गेल्या पावसाळ्यात या खोलीमुळे किती मुलं वाचली, तुला माहीत आहे. आणि आमची संस्था पाइप घालत नाही. पाणी म्हटलं की अध्यक्षीणबाई म्हणाल्या असत्या, हे आपलं काम नव्हे. साबण देता येतो. हात धुण्याने फायदा होतोच की."

"मग स्वतः आजारी पडलीस तेव्हा आईला काय सांगितलंस? लागण झाली असं?"

तुरीने एक पेला दुसऱ्यात ठेवला.

"तुझ्या पोटाला पाणी बाधलं, आणि किसनाला त्याच्या आईचे हात?"

"चंचल, मी तसं म्हटलं नाही."

"त्या शब्दाचा अर्थ तसाच होतो. तूच शिकवलास." चंचल टेबलाजवळ आली. "आणि मी बोलले तेव्हा? तेव्हा काय सांगितलंस त्यांना?"

तुरीने मान खाली घातली. मग म्हणाली, "म्हटलं, ती आमची भाषा शिकतेय. शब्दांची गल्लत करते."

चंचलला वाटलं होतं, ती खोटं बोलेल. खोटं बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. ती दारापर्यंत गेली, कडी काढली. तुरी मागून म्हणाली, "मी हे तुमच्यासाठीच केलं." चंचल न वळता बाहेर पडली.

त्याच आठवड्यात साबणाची खोकी आली, आणि भिंतीवर लावायची चित्रं. चित्रात एक बाई होती, नऊवारीतली, काळ्या नखांची. तिच्या हातातून मुलाच्या तोंडात घास जाताना त्यावर हिरव्या माश्या काढल्या होत्या. उषाबाई चित्रापुढे उभी राहिली आणि चंचलला म्हणाली, "हे गं काय? आम्ही घाण, असं सांगितलंस तू त्यांना?" चंचलने समजावायला तोंड उघडलं, पण मांडवात सगळ्यांनी काय पाहिलं होतं? चंचल गोऱ्या लोकांच्या भाषेत बोलली, गोऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग हे चित्र आलं.

कांतिभाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांच्या माणसाने येऊन सुंदराच्या घराचा नळ तोडला. लाइन खराब आहे म्हणतेस ना, मग कशाला हवी, एवढंच बोलला.

सुंदरा त्या दुपारी चंचलच्या दारात आली. आत बोलावलं तरी आली नाही.

"तू काय सांगं तिले?"

चंचलने सगळं सांगितलं. आपण काय बोललो, तुरीने त्याचं काय केलं, तो शब्द कोणता, त्याचा अर्थ काय. धुरपदाबाई चुलीपाशी ऐकत होती. सुंदराने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिने चंचलवर अविश्वास दाखवला नाही. फक्त म्हणाली, "माले तुन्या भाषा काय समजतीस? मी तर तुना तोंडकडे देखीसन बोलनू."

मग निघून गेली.

चंचलने केंद्राचं काम सोडलं. तुरी एकदा घरी आली. धुरपदाबाईने तिला ओटल्यावर पाट दिला, चहा दिला. चंचल आत बसून राहिली. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. दुभाषी नसल्यामुळे दोघींचं बोलणं होत नव्हतं. तुरी "चंचल?" म्हणाली, धुरपदाबाई "नही" म्हणाली. थोड्या वेळाने तुरीने पुन्हा विचारलं, धुरपदाबाईने पुन्हा तेच सांगितलं. कपबशी घेऊन आत आली तेव्हा आईचे डोळे भरले होते. "पोटनी पोर मानी व्हती मी तिले," ती म्हणाली. चंचलने कपबशी तिच्या हातातून घेतली आणि धुवायला ठेवली.

सुंदराचं पाणी आता चंचलच्या घरच्या नळावरून जाऊ लागलं. ती सकाळी यायची, धुरपदाबाईशी चार शब्द बोलायची, हंडा भरायची. चंचल समोर आली की गप्प व्हायची. चंचलने पाणी उकळून, गाळून वेगळ्या घागरीत ठेवायला सुरुवात केली. ते सुंदरा न बोलता घेऊन जाई.

हळूहळू शालिग्रामांना सगळं कळलं. ऐकू कमी येत असल्याने त्यांना प्रत्येक गोष्ट मोठ्याने, दोनदा सांगावी लागे. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ते म्हणाले, "मग खणून टाकू ना!" लूमखात्याच्या सुट्टीच्या दिवशी ते, गजेंद्र आणि सुंदराचा नवरा मारुती कुदळी घेऊन गटारात उतरले. मग शेजारचे दोघे उतरले, मग पलीकडचेही. कुजलेला सांधा मारुतीच्या हातात आला, तेव्हा तो हातात धरून नुसता उभा राहिला. गजेंद्रने तो काढून घेतला. कांतिभाई आले, गुजरातीत खूप बोलले, पोलिसांचं नाव घेतलं. शालिग्रामांना त्यातलं फारसं ऐकूच आलं नाही. संध्याकाळपर्यंत नवा पाइप गटाराच्या वर, भिंतीच्या कडेने बसला, आणि सुंदराच्या दारातही नळ आला.

त्या पावसाळ्यात गल्लीत हगवण कमी झाली. केंद्राने ती साबणामुळे कमी झाली असं धरलं. फोटोवाली मुलगी पुन्हा येऊन गेली, असं उषाबाई म्हणाली. चंचल तोवर वराछाच्या एका डॉक्टरकडे कामाला लागली होती आणि दिवसभर तिकडेच असायची. तुरी केव्हा गेली हे तिला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

दिवाळीनंतर मारुतीला चलथाणच्या साखर कारखान्यात काम मिळालं. सुंदराने घर विकलं. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा गल्लीतल्या बायका जमल्या. धुरपदाबाईने सुंदराची ओटी भरली. चंचल त्या दिवशी कामावर गेली नव्हती. पत्र्याची पेटी एकट्या सुंदराला उचलेना, तेव्हा चंचल पुढे झाली. पेटीची एक कडी सुंदराने धरली, दुसरी चंचलने. पेटी जड होती. दोघींनी मिळून ती टेम्पोच्या फळीवर ठेवली आणि आत ढकलली.

"सावकाश जा, काकी," चंचल म्हणाली.

सुंदराने पदराने हात पुसले. तिने पेटीचं कुलूप नीट लागलंय का ते ओढून पाहिलं, टेम्पोत चढली आणि मारुतीशेजारी बसली.